पेलेगच्या काळात नक्की काय विभागलं गेलं?

जुना करार (धागालेखक)
बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातली वंशावळ आपण बहुतेक जण पानं उलटून पुढे ढकलतो. नावांमागून नावं. २५व्या वचनात मात्र एका नावाचं कारण दिलंय: एबरला दोन मुलगे झाले, एकाचं नाव पेलेग, कारण त्याच्या काळात पृथ्वी विभागली गेली, भावाचं नाव यक्तान. हिब्रूत 'पेलेग' आणि 'निफ्लेगा', म्हणजे विभागली गेली, यांचा धातू एकच. कोणी विभागली, कशी विभागली, एक अक्षर नाही.

या एका ओळीवर हल्ली खंड फुटल्याचे व्हिडिओ फिरतायत, म्हणून हा धागा. माझ्या मते हा बाबेलचाच उल्लेख आहे, म्हणजे बुरूज बांधणाऱ्या माणसांच्या भाषेत देव घोळ करून त्यांना पांगवतो त्या गोष्टीचा. अकरावा अध्याय 'सगळ्या पृथ्वीची भाषा एक होती' इथून सुरू होतो. पृथ्वीसाठीचा हिब्रू शब्द 'आरेत्स' तिथेही तोच, आणि भाषा बोलते ती माणसं, जमीन नव्हे. शिवाय मांडणी बघा. दहाव्या अध्यायात पेलेगचं फक्त नाव घेऊन वंशावळ यक्तानच्या तेरा मुलांकडे वळते. मग बाबेलचा बुरूज. मग नोहाचा मुलगा शेम याची वंशावळ पुन्हा पहिल्यापासून, आणि आता यक्तान गायब: पेलेग, रऊ, सरूग, नाहोर, तेरह, अब्राम. दोन भावांच्या फाट्यात मधोमध बाबेल बसवलंय. हे आपोआप झालं असं मला वाटत नाही.

शब्दशः
उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यात 'आकाश व पृथ्वी' आहे, तिथेही आरेत्सच. तिथे 'माणसं' असा अर्थ घ्याल का? आणि बाबेलच्या गोष्टीत पेलेगचा धातू एकदाही येत नाही. तिथे 'बालल' आहे, म्हणजे घोळ करणे, आणि 'पूत्स', म्हणजे पांगणे. दहाव्या अध्यायात राष्ट्रं वेगळी झाली तिथे 'पारद'. एवढे शब्द हाताशी असताना नेमका इथेच वेगळा का? जमीन दुभंगली म्हणून. १८५८ मध्ये स्नायडर-पेलेग्रिनी यांनी आफ्रिका-अमेरिकेचे किनारे जोडून नकाशा काढला तो बायबलच्याच आधाराने. खंड सरकतात हा सिद्धांत मांडणारे वेगेनर त्यानंतर अर्ध्या शतकाने आले.

काळा पाषाण
स्नायडरने खंड फुटल्याचं खापर जलप्रलयावर फोडलं होतं, पेलेगवर नाही. तेवढं तरी नीट सांगा.
बाकी गणित सोपं आहे. पेलेग जगला २३९ वर्षं. तेवढ्यात अटलांटिक उघडायचा तर खंड वर्षाला दहा-वीस मीटर सरकायला हवेत. प्रत्यक्षात सरकतात काही सेंटीमीटर. त्या वेगाच्या उष्णतेत समुद्र उकळले असते, आणि वंशावळीत कोणी हूं की चूं करत नाही, मुलं होतात, माणसं म्हातारी होतात! आपला सह्याद्रीचा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि भारत त्याच्याही आधी गोंडवन या दक्षिणेकडच्या जुन्या महाखंडातून सुटलेला. ताम्हिणीत गाडी थांबवून एकदा ते थर बघा.

पाटकरी
दोन्ही बाजू उगाच आभाळात शिरल्यात. पेलेगचा साधा अर्थ पाण्याचा पाट. पहिल्या स्तोत्रातलं झाड कुठे लावलेलं आहे? 'पलगे मायिम'जवळ, म्हणजे पाण्याच्या प्रवाहांजवळ. ईयोबाच्या ३८व्या अध्यायात देव विचारतो, पुराच्या पाण्याला चर कोणी खणला, तिथेही हाच धातू. मेसोपोटेमियाच्या प्राचीन अक्कादी भाषेत 'पल्गु' म्हणजे कालवा. युफ्रेटीसकाठच्या लोकांना कालव्याने जमीन विभागते हे सांगावं लागत नव्हतं. आरेत्सचा अर्थ 'देश, मुलूख' असाही होतोच. आणखी एक: सरूग, नाहोर, तेरह ही उत्तर मेसोपोटेमियातल्या हारान शहराच्या आसपासच्या गावांची नावं म्हणूनही सापडतात. ही वंशावळ अर्धी नकाशाच आहे.

नौगावची लेक
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, सध्या इस्राएलमध्ये अश्दोदला. आमच्यात रोहेकर, पेणकर, किहीमकर आडनावं गावांवरून पडली, त्यामुळे पाटकरींचं म्हणणं मला लगेच पटायला हवं. पण आमच्या आडनावात गाव मागून चिकटतं, गाव कोणाचा बाप होत नाही.
राशी या मध्ययुगीन ज्यू भाष्यकाराने वेगळाच प्रश्न सोडवलाय: घटना घडायच्या आधी बापाने बाळाचं नाव कसं ठेवलं? उत्तर, एबर संदेष्टा होता आणि विभागणी पेलेगच्या आयुष्याच्या शेवटी झाली. धाकट्या यक्तानची एवढी कुळं तोवर वाढलेली, म्हणजे सुरुवातीला झाली असणं शक्य नाही. मला यापेक्षा ज्युबिलीजचं पुस्तक, म्हणजे उत्पत्तीची गोष्ट नव्याने सांगणारा जुना ज्यू ग्रंथ, जास्त खरं बोलतंय असं वाटतं. तिथे पेलेग जन्मला तेव्हा नोहाच्या वंशजांनी गुपचूप पृथ्वी आपसात वाटायला घेतली, म्हणून हे नाव. पुढे नोहा चिठ्ठ्या टाकून रीतसर वाटे पाडतो, आणि हामचा मुलगा कनान आमच्या पूर्वजाच्या, शेमच्या वाट्यात घुसून बसतो. सरळसरळ भावकीतली वाटणी! जमीन मुळात आमचीच होती हे सांगायला कोणीतरी हे नाव वापरलंय.

जुना करार
@शब्दशः, ५५वं स्तोत्र उघडा. शत्रूंच्या जिभांची फाटाफूट कर अशी प्रार्थना आहे, 'पलग लशोनाम'. हाच धातू, आणि विषय भाषेचाच.
@पाटकरी, पाट झकास आहे, पण मजकूर कारण स्वतःच सांगतोय आणि त्यात पाणी नाही.
@नौगावची लेक, ज्युबिलीज इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं. तो त्या काळचा जमिनीचा वाद आहे, उत्पत्तीचा नव्हे.
वयंही बघा. एबर ४६४ वर्षं जगतो, पेलेग २३९. एका पिढीत आयुष्य निम्म्यावर. बेरीज केली तर शेमपासून तेरहपर्यंतच्या ओळीत सगळ्यात आधी मरतो तो पेलेगच, नोहाच्याही दहा वर्षं आधी. ज्याच्या नावातच दुफळी, त्याच्यावरच ही घसरण यावी?

काळा पाषाण
आयुष्य निम्मं झालं हे निरीक्षण आवडलं. बाबेलशी त्याचा संबंध मात्र तुम्ही जोडलात, मजकुराने नाही.

शब्दशः
+१, आणि पाषाणसाहेबांशी सहमत व्हायची ही पहिलीच वेळ. मरणाचा तो हिशेब फक्त हिब्रू पाठाचा. सेप्टुआजिंटात, म्हणजे जुन्या ग्रीक भाषांतरात, पेलेग होतो तेव्हा एबर १३४ वर्षांचा, ३४ नव्हे, आणि वर केनान नावाची एक पिढी जास्त. तिथे पेलेग जन्मायच्या आधीच नोहा वारलेला. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकनेही येशूच्या वंशावळीत तो जास्तीचा केनान घेतलाय. कोणता पाठ धरायचा ते आधी ठरवा, मग वयं मोजू.