दोन जुन्या पॉन्टून बोटींपैकी कोणती घ्यावी? रविवारपर्यंत कळवायचे आहे

काठावरचा: कुटुंबाच्या सहलींसाठी जुनी पॉन्टून बोट (ॲल्युमिनियमच्या हवाबंद नळकांड्यांवर सपाट डेक बसवलेली) घ्यायची आहे आणि दोन बोटींवर येऊन अडलो आहे. पहिली २० फुटी, दोन नळकांड्यांची, ४० अश्वशक्तीची. गाद्या नव्या, डेकवर गालिचाही नवा. दुसरी २२ फुटी, तीन नळकांड्यांची, ९० अश्वशक्तीची, पण गाद्या उन्हाने फाटलेल्या. किंमत जवळपास सारखीच आहे. कृपया थेट सांगावे, पहिली की दुसरी?

वल्हेकरी: दुसरी. तिसऱ्या नळकांड्यामुळे तरंगशक्ती वाढते, माणसे एका बाजूला गेली तरी बोट कमी कलते आणि लाटांवर कमी आपटते. गाद्या बदलता येतात, नळकांडी बदलत नाहीत.

जुना नावाडी: इतक्या माहितीवर थेट उत्तर कसे देणार? माणसे किती, पाणी गोडे की खारे, इंजिने टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, आणि क्षमतेच्या पाटीवर किती माणसे व किती वजन लिहिले आहे, हे आधी सांगावे.

संथ पाणी: वल्हेकरींशी मी सहमत नाही. तिसरे नळकांडे म्हणजे जास्त वजन, त्याला ओढायला मोठे इंजिन आणि पर्यायाने जास्त इंधन. शांत तलावात सावकाश फिरणाऱ्याला दोन पुरतात.

वल्हेकरी: आठ माणसे बसवून ४० अश्वशक्तीवर वाऱ्याविरुद्ध परत येऊन पाहा, मग बोलू.

घरची काळजी: विचारलेले नाही, तरी सांगते. बोट चालू असताना मुलांना पुढच्या फाटकाबाहेर पाय सोडून बसू देऊ नये. वेग एकदम कमी झाला की तिथला माणूस पुढे पडतो, बोट त्याच्यावरून जाते आणि मागे पंखा फिरतच असतो.

काठावरचा: फाटकाचे लक्षात ठेवतो. आम्ही आठ जण, त्यांत दोन लहान मुले, तलावातच फिरणार. दोन्ही इंजिने फोर-स्ट्रोक आहेत. पहिली बोट पूर्वी खाडीत होती, पण ते महत्त्वाचे नसावे.

जुना नावाडी: तेच तर महत्त्वाचे आहे! खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजते, म्हणून वेल्डिंगच्या सांध्यांजवळ खड्डे पडले आहेत का आणि ॲनोड (बोटीऐवजी स्वतः झिजावेत म्हणून लावलेले धातूचे तुकडे) कितपत उरले आहेत, हे पाहावे. नव्या गालिच्यावर मात्र मुळीच भाळू नये. त्याखालचे प्लायवुड कुजलेले असले तर टाचेखाली दबते, आणि बोटीखाली वाकून पाहिल्यास ते डोळ्यांनाही दिसते. दोन्ही इंजिनांच्या गिअरकेसचे (पंख्याजवळच्या गिअरपेटीचे) तेल थोडे काढून पाहावे; दुधाळ निघाले तर सीलमधून पाणी आत शिरले आहे असे समजावे. सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मेकॅनिककडून मोजून घ्यावे, आकडे एकमेकांच्या जवळ हवेत.

संथ पाणी: आठ माणसे असतील तर माझा आग्रह मागे घेतो. पाटी मात्र पाहाच.

काठावरचा: आज दोन्ही पाहून आलो. पहिलीच्या पाटीवर नऊ माणसे, दुसरीच्या बारा. पहिलीच्या गालिच्याचा कोपरा उचलून स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो लाकडात सहज रुतला; मालकांनी पुढे पाहू दिले नाही. दुसरीचे तेल स्वच्छ निघाले, पण डाव्या नळकांड्यावर सांध्यालगत मोठा पोचा आहे.

जुना नावाडी: त्या नळकांड्यात पाणी आहे का? बोट पाण्यात असताना डावीकडे झुकत होती का?

काठावरचा: बोट ट्रेलरवरच होती, त्यामुळे कळले नाही. उद्या पाण्यात उतरवायला सांगतो.