मदत हवी आहे: बॅटरी संपल्यामुळे अर्धवट राहिलेली एमपी४ फाइल उघडत नाही

रेकॉर्डिंग चालू असतानाच कॅमेऱ्याची बॅटरी संपली आणि शेवटची फाइल आता कशातच चालत नाही. आकार ३.१ जीबी दिसतो, म्हणजे आत ऐवज आहे. त्याच कार्डावरच्या बाकी फाइली याच कंप्युटरवर (विंडोज १०) व्यवस्थित चालतात, त्यामुळे कोडेक टाका, प्लेअर बदला हे सल्ले कृपया नकोत.

एफएफएमपेग (व्हिडिओ फाइली हाताळणारा प्रोग्रॅम) फक्त 'मूव्ह ॲटम नॉट फाउंड' म्हणतं, म्हणजे फाइलीतला मूव्ह नावाचा भाग सापडत नाही. कुठली फ्रेम फाइलीत कुठे आहे याची अनुक्रमणिका त्या मूव्ह भागात असते आणि बरेच कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवल्यावरच लिहितात. इथे ती लिहिलीच गेली नसावी. कन्व्हर्टरही त्यामुळेच हात टेकतात. एक्स्टेन्शन बदलून पाहिलं (अपेक्षा नव्हतीच).

आता अनट्रंक (अर्धवट राहिलेल्या व्हिडिओ फाइली दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) वापरायचा विचार आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याची एक धड फाइल नमुना म्हणून लागते. अडचण इथेच आहे: बिघडलेली फाइल सेकंदाला ५० फ्रेमची, एच.२६५ या कोडेकमधली (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), माझ्याकडच्या धड फाइली २५ फ्रेमच्या, कोडेक आणि रिझोल्यूशन तेच. कॅमेरा मागून आणलेला होता, तो परत गेला, म्हणून नवा नमुना लगेच घेता येत नाही. रेकॉर्डिंग खाजगी आहे, ऑनलाइन दुरुस्ती नको. कार्डाची पूर्ण प्रत काढून ठेवली आहे.

२५ फ्रेमचा नमुना देऊन निदान चित्र तरी सुटं होईल का? आणि झालं, तर वेग व आवाजाचा मेळ नंतर एफएफएमपेगने बसवता येतो, की त्याच सेटिंगचा नमुना मिळवण्यावाचून गत्यंतर नाही?