अनुभव धागा : कॉलेज करता करता मिळालेली पहिली नोकरी

आमच्या इमारतीतल्या तीन मुलांनी गेल्या पंधरवड्यात मला एकच प्रश्न विचारला : "काका, कॉलेज सांभाळून कुठे काम मिळेल का?" माझ्यापाशी सांगण्याजोगे होते ते १९९८ सालचे, आणि ते त्यांच्या कितपत उपयोगाचे आहे याची मलाच खात्री वाटेना. म्हणून हा धागा. ठाण्यात किंवा नवी मुंबईत शिकत असताना आपण काम कसे मिळवले, मालकाशी काय ठरवले (किंवा ठरवायचे राहिले) आणि कुठे फसगत झाली, ते सविस्तर लिहावे. तक्रार असल्यास आस्थापनेचे नाव लिहू नये, स्वतःच्या नावाऐवजी वर आपल्या भागाचे नाव टाकावे. सुरुवात मीच करतो.

मी तेव्हा एफ. वाय. बी. कॉम.ला होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात गोखले रोडवरच्या चार दुकानांतून नकार घेऊन पाचव्या, वह्या-पुस्तकांच्या दुकानात गेलो. मालकांनी ना गुण विचारले ना शिक्षण. दोन डझन दोनशेपानी वह्या समोर ठेवल्या, सुतळीचा गुंडा पुढे सरकवला आणि गठ्ठा बांधायला सांगितले. मी बांधलेला गठ्ठा त्यांनी एका बोटाने उचलला तेव्हा तो मधोमध वाकला आणि चार वह्या फरशीवर घसरल्या. मग त्यांनी स्वतः बांधून दाखवला : सहा वह्यांचे कणे डावीकडे, पुढच्या सहांचे उजवीकडे, म्हणजे एक बाजू फुगत नाही, सुतळी आधी आडवी, मग उभी, आणि गाठ नेहमी कडेला. माझा दुसरा गठ्ठा टिकला आणि "उद्या साडेनऊला या" एवढ्यावर नोकरी पक्की झाली. पगार किती, हे विचारण्याचा मला धीर झाला नाही. जुलैच्या सात तारखेला हातात सहाशे रुपये पडले तेव्हाच तो कळला.

कोपरखैरणे

माझे वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी होते. २००६ साली मी बारावी झाले आणि पुढच्या शिक्षणाच्या फीसाठी काम करीन म्हणाले, तेव्हा घरात दोन दिवस कोणी बोलले नाही, कारण बाजारात मुलीने जायचे ही कल्पनाच कुणाला रुचणारी नव्हती. तिसऱ्या दिवशी वडीलच मला एका आडत्याच्या गाळ्यावर घेऊन गेले. शेठनी पाच गोण्यांची वजने तोंडी सांगितली आणि कागद न घेता बेरीज विचारली. ती बरोबर आली. मग वडिलांनी, जे एरवी त्या गाळ्यावर मान वर करून बोलत नसत, तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या : काम सकाळी सहा ते अकरा, पगार पाच तारखेला, आणि परीक्षेआधी पंधरा दिवस सुट्टी, बिनपगारी असली तरी चालेल. शेठनी हसत हसत ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या एका पानामागे लिहून सही केली. मी ते पान मागून घेतले.

माझे काम काटापट्टी लिहिण्याचे होते. काट्यावरचा माणूस वजन ओरडायचा, मी लिहायची आणि त्यावरून पुढे शेतकऱ्याची हिशोबपट्टी व्हायची. दुसऱ्याच आठवड्यात माझा घाईतला नऊ हिशोब करणाऱ्याने चार वाचला आणि जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याच्या पट्टीत पन्नास किलो माल कमी धरला गेला. त्यांचा फोन आला तेव्हा शेठनी रिसीव्हर माझ्याच हातात दिला. पट्टी त्याच दिवशी दुरुस्त झाली, पण ते गृहस्थ रागावले नाहीत, नुसते "ताई, भाडं आणि हमाली जाऊन हातात काय राहतं ते तुम्ही बघताच" असे म्हणाले, ते मला आजही ऐकू येते. त्या दिवसापासून प्रत्येक वजन मी मोठ्याने परत उच्चारून मगच लिहीत असे.

एप्रिलमध्ये गर्दीच्या दिवसांत शेठ सुट्टीचे विसरले. मी दिनदर्शिकेचे पान दाखवले. ते काही क्षण पाहत राहिले आणि म्हणाले, "जा, पण पेपर चांगले लिही."

ऐरोली

वरच्या ताईंसारखे कोणी माझ्या बाजूने बोलणारे नव्हते. २००९ मध्ये एस. वाय.ला असताना महाप्याच्या एका कॉल सेंटरमध्ये थेट मुलाखतीला गेलो आणि त्याच संध्याकाळी निवडला गेलो. रात्री गाडी घरापासून न्यायची, पहाटे सोडायची. आमच्या चाळीत त्या गाडीचा मोठा रुबाब होता. कॉलेज सकाळी सातचे. पहिला महिना मी गाडीतून उतरून थेट वर्गात जात असे आणि शेवटच्या बाकावर झोपत असे. दुसऱ्या महिन्यापासून वर्गातही गेलो नाही. विद्यापीठाला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते हे मला ठाऊक होते, परंतु ती मोजली जाते हे नोटीस लागल्यावर समजले. दोन विषय राहिले, म्हणजे ए. टी. के. टी. लागली, आणि अकरा महिन्यांनी मी नोकरी सोडली.

आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. पगारातून भविष्य निर्वाह निधीचे बारा टक्के कापले जात होते आणि मी ती रक्कम गेलीच असे समजून चाललो होतो. सर्व नोकऱ्यांसाठी एकच कायम राहणारा यू. ए. एन. क्रमांक २०१४ मध्ये आला. त्याआधी प्रत्येक नोकरीचे खाते निराळे. पुढे दुसरीकडे रुजू झाल्यावर जुन्या पगारपत्रकावरचा खाते क्रमांक सापडला म्हणून ती रक्कम नव्या खात्यात वर्ग करून घेता आली. आईने ती पत्रके शिवणयंत्राच्या खणात ठेवली नसती तर मी कपाळाला हात लावून बसलो असतो.

घोडबंदर रोड

मला फसवले गेले, तेव्हा थोडक्यात लिहितो. ठाणे स्थानकाबाहेरच्या खांबावर "घरबसल्या डेटा एंट्री" अशी चिठ्ठी होती. नोंदणीचे दीड हजार रुपये घेतले, शंभर रुपयांच्या मुद्रांक कागदावर करार केला आणि पाने टंकित करण्यासाठी दहा दिवस दिले. अकराव्या दिवशी "तुमची अचूकता कमी भरली, करारभंगाचे सहा हजार भरा, नाहीतर वकिलाची नोटीस येईल" असे फोन सुरू झाले. मी घाबरून दोन हजार भरलेही. शेजारचे निवृत्त हवालदार काका म्हणाले, "काम देणारा पैसे देतो, हा तर तुझ्याकडूनच घेतो आहे, मग हा मालक कसला?" फोन उचलणे बंद केले आणि पुढे काहीही झाले नाही. आता अशा ऑनलाइन फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन कराल तितके बरे.

कळवा

गणेशोत्सवाच्या मंडळात वर्गणीचा हिशोब मी लिहीत असे, तो पाहून एका काकूंनी मुलाच्या गणिताची शिकवणी दिली आणि वर्षभरात ती सात मुलांची झाली. अर्ज एकही केला नाही.

दिवा

विद्यार्थी सवलतीच्या पासबद्दल कोणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. माझा पास दिवा ते ठाणे असा, घर ते कॉलेज, निम्म्या दरातला. काम मिळाले तुर्भ्याला. ठाण्याला गाडी बदलून मी त्याच पासावर आठवडाभर गेले, कारण पास म्हणजे पास अशी माझी समजूत होती. तुर्भ्याच्या पुलावर तपासनीस बाईंनी पास उलटसुलट पाहिला आणि दंडाचे अडीचशे रुपये आणि वर भाडे घेतले. माझी त्या दिवसाची कमाई तीनशे रुपये होती. सवलत घर आणि कॉलेज एवढ्याच अंतरासाठी असते. कामाच्या ठिकाणापर्यंतचे भाडे पगार ठरवतानाच हिशोबात धरावे.

धागाकर्ता

दोघांनी व्यक्तिगत निरोपातून शासनाच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दल विचारले आहे. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा बारावी उत्तीर्णांना दरमहा सहा हजार, आय. टी. आय. किंवा पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार असे विद्यावेतन होते. मात्र शिक्षण चालू असलेल्यांसाठी ती नाही, असे तिच्या अटींतच आहे. आमच्या इमारतीतला एक मुलगा हे न वाचता कागदपत्रांच्या झेरॉक्सवर दीडशे रुपये घालवून आला.

वाशी

मी पलीकडच्या बाजूने लिहितो. सेक्टर १७ मध्ये माझे चष्म्याचे दुकान आहे आणि गेली बारा वर्षे मी कॉलेजची मुलेच कामाला ठेवतो. नोकरी मागायला येणारी बहुतेक मुले शनिवारी संध्याकाळी, गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असताना येतात आणि मग "मालकांनी नीट बघितलेही नाही" असे म्हणतात. मंगळवारी सकाळी अकराला यावे. तेव्हा मी काचा पुसत बसलेला असतो आणि मलाही कुणाशी तरी बोलायचे असते.

मुलांनी परीक्षा लपवू नये, ही माझी खरी तक्रार. "काही अडचण नाही, रोज येईन" म्हणणारा मुलगा ऑक्टोबरमध्ये फोन बंद करून बसतो आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर माझी पंचाईत होते. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, कारण खरे सांगितले तर काम मिळणार नाही, असे त्याला वाटलेले असते. आणि आमच्यातलेही काही दुकानदार तसेच वागतात. आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आणि जादा वेळेचा दुप्पट दर राज्याच्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात लिहिलेला आहे, हे किती जण मुलांना आपणहून सांगतात? मीही पहिली काही वर्षे सांगितले नव्हते. आता गल्ल्याच्या वर मी विद्यापीठाचे वेळापत्रक चिकटवून ठेवतो आणि मुलाखतीत पहिल्यांदा तेच दाखवतो.

यंदा जूनमध्ये आलेल्या मुलीने वहीत प्रश्नच लिहून आणले होते : पगार कोणत्या तारखेला, बँकेत की रोख, आठवड्याची सुट्टी कोणती, चष्म्याची काच माझ्या हातून फुटली तर पैसे कापणार का. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मी लगेच दिली. चौथ्यासाठी एक दिवस मागून घेतला, घरी बायकोशी बोललो आणि दुसऱ्या दिवशी "नाही कापणार" असे तिच्या वहीत लिहून दिले. आतापर्यंत तिच्या हातून दोन काचा फुटल्या आहेत, माझ्या हातून पाच.