मदत हवी आहे : वाचनालयासाठी घेतलेल्या वापरलेल्या संगणकावरची विंडोज पुसण्याआधी काय नोंदवून ठेवावे?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावातील ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयाचे काम मी पाहतो. वाचनालयाने नुकताच एक वापरलेला संगणक विकत घेतला असून त्यावर कार्यप्रणाली नव्याने बसवायची आहे. विंडोज बसवण्याची सर्वसाधारण रीत मला ठाऊक आहे. माझा प्रश्न त्याच्या आधीच्या टप्प्याचा आहे. डिस्क एकदा पुसली की तिच्यावरून कळू शकणाऱ्या काही गोष्टी कायमच्या जातात, तेव्हा पुसण्यापूर्वी नेमके काय पाहून ठेवावे, आणि त्यानंतर या यंत्रावर विंडोज १०, विंडोज ११ आणि लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत कार्यप्रणाली) यांपैकी काय बसवणे योग्य ठरेल?

यंत्र डेल ऑप्टिप्लेक्स ३०५० आहे. प्रोसेसर इंटेलचा सातव्या पिढीचा कोअर आय-५ ७५००, रॅम ८ जीबी, एसएसडी २५६ जीबी. बाजूच्या पत्र्यावर मालमत्ता क्रमांकाची चिकटपट्टी खरवडून काढल्याची खूण आहे, त्यावरून ते एखाद्या कंपनीच्या कार्यालयातून बाहेर पडले असावे. डिस्कची स्थिती दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम एसएसडीची प्रकृती उत्तम दाखवते. वीज पूर्ण बंद केली की घड्याळ मात्र मागे जाते; मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला दिसतो आणि तो मी बदलणारच आहे, कारण तारीख चुकलेली असली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि विंडोजचे सक्रियीकरणही अडते.

दुकानदाराने विंडोज १० प्रो बसवून दिली आहे आणि सेटिंग्जमध्ये ती सक्रिय असल्याचेही दिसते. तरीही परवान्याची माहिती दाखवणारी ‘एसएलएमजीआर /डीएलआय’ ही आज्ञा दिल्यावर परवान्याचा प्रकार ‘व्हॉल्यूम केएमएसक्लायंट’ असा आला. माझ्या समजुतीप्रमाणे हा परवाना मोठ्या संस्थांसाठी असतो. संगणक संस्थेच्या सर्व्हरशी वेळोवेळी संपर्क साधून आपली १८० दिवसांची मुदत वाढवून घेतो, आणि संस्थेबाहेर विकलेल्या यंत्राबरोबर तो हक्क नव्या मालकाकडे येत नाही. शिवाय विंडोजमधल्याच विषाणूरोधक डिफेंडरच्या यादीत एक फोल्डर तपासणीतून वगळलेले आढळले. परवान्याची फसवी नोंद करणारा एखादा प्रोग्राम तिथे ठेवला असावा, असा माझा तर्क आहे.

ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. हा संगणक आमच्या अभ्यासिकेत ठेवायचा आहे, आणि तेथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली बसतात. आयोगाचे अर्ज भरणे, शुल्क ऑनलाइन भरणे, आधार क्रमांक आणि छायाचित्र चढवणे ही सगळी कामे ते याच पडद्यासमोर करतील. ज्यांच्याकडे घरी दुसरा संगणक नाही अशांचे पासवर्ड आणि बँकेची माहिती कोणी बसवलेल्या, कोणी तपासलेल्या हे माहीत नसलेल्या प्रणालीवर सोपवणे मला मान्य नाही. तेव्हा आहे ती विंडोज ठेवून नुसती ‘साफ’ करण्याचा पर्याय मी विचारात घेतलेला नाही. डिस्क पूर्ण पुसायची हे ठरले आहे.

पुढचा पर्याय निवडताना मात्र अडतो. विंडोज १० चे नेहमीचे समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि सिक्युअर बूट ही सुरू होतानाची पडताळणी यांबरोबर साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, आणि आमचा आय-५ ७५०० त्या यादीत नाही. अट टाळून विंडोज ११ बसवून देणारी साधने आहेत, हे मी वाचले आहे. लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या लिनक्स मिंटचा विचार मनात आहे, पण दोन अडचणी दिसतात. एक म्हणजे आमच्याकडचा कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर. दुसरी अधिक मोठी आहे. आमच्या दाखल नोंदवहीचा (वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकवार नोंद) बराच भाग पूर्वीच्या संगणकावर आयएसएम या जुन्या मराठी टंकलेखन प्रणालीतून ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, आणि त्या फाइली नव्या यंत्रावर उघडल्या की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो. लिनक्सवर गेल्यास ही नोंदवही आमच्या हातून कायमची जाईल का?

या यंत्रावर मूळचा खरा परवाना आहे का, हे कसे ओळखावे, आणि आधीच्या मालकाचे काही कुलूप बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीत) किंवा अन्यत्र शिल्लक असेल तर ते दुकानाच्या परतीच्या मुदतीतच कसे कळेल, हेही जाणकारांनी सांगावे. आपल्या अनुभवाचा फार उपयोग होईल.

प्रतिसाद :

पूर्ण पुसण्याचा आपला निर्णय योग्य आहे. त्याआधी पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांतली एकही गाळू नका.

प्रथम परवाना. आत्ता दिसणारा केएमएस परवाना बाजूला ठेवा. मायक्रोसॉफ्ट संस्थांना विंडोजचा जो घाऊक परवाना देते, तो मूळ परवान्यावरचा अद्ययावतीकरणाचा परवाना असतो. म्हणजे यंत्राबरोबर आधीपासून एक मूळ परवाना असणे अपेक्षित असते. विंडोज ८ च्या काळापासून, म्हणजे २०१२ पासून, उत्पादक ही मूळ किल्ली चिकटपट्टीवर न छापता मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डावरच साठवलेल्या प्रणालीत, ठेवतात, त्यामुळे डिस्क पुसली तरी ती जात नाही. विंडोजमधल्या पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या खिडकीतून ही किल्ली वाचता येते. त्याच वेळी पेटीवरचा सर्व्हिस टॅग (डेलने त्या यंत्राला दिलेला क्रमांक) डेलच्या संकेतस्थळावर टाका, तेथे यंत्र कारखान्यातून कोणत्या जुळणीसह निघाले ते दिसते. आपल्याकडे उबुंटू या लिनक्सच्या प्रकारासह विकलेली ऑप्टिप्लेक्स यंत्रेही असतात, म्हणून ही खातरजमा आवश्यक आहे. फर्मवेअरमध्ये प्रो आवृत्तीची किल्ली निघाली तर नव्याने विंडोज बसवताना ती आपोआप उचलली जाते आणि इंटरनेट जोडल्यावर संगणक सक्रिय होतो. वेगळे पैसे लागत नाहीत.

मग कुलुपे. संगणक सुरू होताना एफ २ दाबून बायोसमध्ये जा आणि पासवर्ड विचारला जातो का ते पाहा. आत ‘कॉम्प्युट्रेस’ ही नोंद असेल तर ती कोणत्या स्थितीत आहे ते लिहून ठेवा. चोरीला गेलेली यंत्रे शोधण्याची ही सोय एकदा कार्यान्वित झाली की बायोसमधून बंद करता येत नाही, आणि ती चालू असेल तर यंत्र सरळ परत करावे. तिसरे कुलूप सर्वांत फसवे असते, कारण आत्ताच्या विंडोजमध्ये त्याची काहीच खूण दिसत नाही. कंपनीने यंत्राची नोंद मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट या कंपन्यांची यंत्रे दूरून हाताळणाऱ्या सेवेत केली असेल आणि विकताना ती काढली नसेल, तर नवी विंडोज इंटरनेटला जोडताच त्या कंपनीचे नाव आणि लॉगिनचा पडदा समोर येतो. डिस्क बदलली तरी हे जात नाही, कारण नोंद यंत्राच्या हार्डवेअरवरून ओळखली जाते, आणि ती सहसा त्या कंपनीकडूनच काढून घ्यावी लागते. म्हणून शेवटी लिनक्स बसवायचे ठरले तरी परतीच्या मुदतीत एकदा विंडोज बसवून, इंटरनेट जोडून ही परीक्षा करून घ्या. उद्या यंत्र दुसऱ्याला द्यायचे झाले तर त्याच्यापुढे हीच भिंत उभी राहील.

स्थापनेचा पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या आणि तो या यंत्रावर तयार करू नका. ज्या प्रणालीवर विश्वास नाही म्हणून आपण ती पुसत आहात, तिच्यावरच नवी प्रणाली तयार करण्यात अर्थ नाही. डेलच्या अनेक कार्यालयीन यंत्रांच्या बायोसमध्ये ‘डेटा वाइप’ अशी सोय असते. ती दिसली तर वापरा, म्हणजे आधीच्या कंपनीची राहिलेली माहितीही जाईल. पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी एफ १२ दाबायचे असते. स्थापनेत एसएसडी दिसलीच नाही तर डिस्क बिघडली असे समजू नका. बायोसमधील साटा ऑपरेशन (डिस्क कशी जोडली जाते ते ठरवणारी नोंद) ‘रेड ऑन’वर असेल तर ते ‘एएचसीआय’वर आणून पुन्हा पाहा, लिनक्स बसवताना हे बहुधा करावे लागते.

निवडीबद्दल माझे स्पष्ट मत लिनक्स मिंटच्या बाजूने आहे. विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अद्यतने व्यक्तिगत ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. संस्थांना ती तीन वर्षांपर्यंत मिळतात, पण प्रत्येक यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट अशा दराने. वाचनालयाने त्या पैशांची पुस्तके घ्यावीत. अट टाळून बसवलेली विंडोज ११ चालेल, पण तिला पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि जेथे अनोळखी लोक आपले पासवर्ड टाकणार आहेत तेथे अशा तजविजीवर विसंबू नये. मिंटची २२ वी मालिका उबुंटू २४.०४ वर उभी असून तिला एप्रिल २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. शिवाय ती पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, तेव्हा वायफाय, आवाज आणि मराठी टंकलेखन डिस्कला हात न लावता तपासा. मराठी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कळफलक तिच्यात आहे.

प्रिंटरची आपली शंका रास्त आहे. एलबीपी २९०० हा कॅननच्या कॅप्ट या वेगळ्या पद्धतीने चालतो आणि लिनक्सवर तो सुरळीत चालवणे जिकिरीचे असते. तो जुन्या विंडोज संगणकालाच जोडलेला ठेवावा आणि अभ्यासिकेतून पीडीएफ तिकडे न्यावी, हे मला सोयीचे वाटते.

धागाकर्ता :

मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले. फर्मवेअरमध्ये विंडोज १० प्रोची किल्ली आहे आणि सर्व्हिस टॅगवरूनही तेच दिसते. बायोसला पासवर्ड नाही, कॉम्प्युट्रेस कार्यान्वित नाही. डिस्क पुसून एकदा विंडोज बसवली, इंटरनेट जोडले. कोणत्याही कंपनीचे नाव आले नाही आणि विंडोज आपोआप सक्रिय झाली. आता मिंट बसवण्यास हरकत दिसत नाही. फॉन्टच्या प्रश्नावर कोणी सांगू शकेल का? जिल्हा ग्रंथालय कार्यालयाच्या तपासणीत ही नोंदवही दाखवावी लागते, त्यामुळे तिच्यातला एकही दाखल अंक इकडचा तिकडे होऊन चालणार नाही.

प्रतिसाद :

नोंदवही हातून जाणार नाही. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, म्हणून फॉन्ट नसला की इंग्रजी गुंता दिसतो. जुन्या संगणकावरील फॉन्टच्या फोल्डरमधून सुरेखची फाइल मिंटवर बसवा, मिंटवरच्या लिब्रेऑफिस या कार्यालयीन प्रोग्राममध्ये मजकूर पूर्वीसारखा वाचता येईल. त्या फॉन्टमध्ये नवा मजकूर लिहिण्यासाठी आयएसएम लागते, म्हणून येथून पुढच्या नोंदी युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या आजच्या प्रमाण पद्धतीत, कराव्यात.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक मिळतात, पण त्यांच्या हाती काम सोपवून मोकळे होऊ नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते; रफाराचे याच्या उलट, जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये ‘र्’ आधी लिहावा लागतो. त्यामुळे ‘कीर्ती’, ‘वर्षा’, ‘निर्मिती’ अशा शब्दांत आणि जोडाक्षरांत चुका राहतात, आणि लेखकांची नावे व ग्रंथांची शीर्षके अशाच शब्दांनी भरलेली असतात. मूळ फाइलची प्रत हात न लावता वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. परिवर्तन करताना दाखल अंक, किंमत आणि तारीख हे स्तंभ वगळून फक्त मजकुराचे स्तंभ परिवर्तकात टाका, कारण या फॉन्टमधले आकडे आणि चिन्हेही त्याच्या तडाख्यात सापडतात. नंतर दोन्ही फाइली शेजारी उघडून दाखल अंकांच्या क्रमाने ओळी जुळवा, आणि शंका येईल तेथे कपाटातले पुस्तक काढून त्याचे मुखपृष्ठ पाहा.