घरी दाढीचा साबण : फेस टिकत नाही, काय चुकते आहे?

प्रश्न : नाशिकरोडकर

नमस्कार. मी गेली तीसेक वर्षे ब्रशने दाढी करतो. दाढीच्या साबणाची गोल वडी आमच्या भागातील दुकानांत हल्ली क्वचितच दिसते. जिकडे पाहावे तिकडे ट्यूबमधील क्रीम, नाहीतर डब्यातील आयता फेस. म्हणून मी घरीच एक प्रयोग केला. अंगाला लावायचा एक साबण किसून घेतला, त्यात दोन चमचे ग्लिसरीन आणि थोडे पाणी घालून तो मंद आचेवर वितळवला आणि स्टीलच्या वाटीत ओतून थंड होऊ दिला. वडी दिसायला झकास झाली. ब्रश फिरवताच फेसही भरपूर येतो, मात्र त्याचे बुडबुडे भांडी घासताना येतात तसे मोठाले असतात आणि उजवा गाल होईपर्यंत डावा कोरडा पडलेला असतो. ग्लिसरीन वाढवून पाहिले, तर वडी चिकट झाली, फेस मात्र होता तसाच राहिला.

मूळ घटकांपासून साबण करायचा झाल्यास काय घ्यावे, किती घ्यावे आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा कॉस्टिक सोडा चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आमच्या सोसायटीत बोअरवेलचे पाणी येते, त्याचाही काही संबंध असेल का?

उत्तर १ : निवृत्त रसायन-शिक्षक, सिडको

आपली अडचण ग्लिसरीनची नाही, मेदाम्लांची, म्हणजे तेला-चरबीतील आम्लांची आहे. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचा साबण झटकन आणि मोठ्या बुडबुड्यांचा फेस देतो, पण तो फेस तितक्याच झटकन बसतो. बारीक, सायीसारखा दाट आणि पाच-सात मिनिटे जागचा न हलणारा फेस हवा असेल, तर साबणात स्टिअरिक आणि पामिटिक या आम्लांचे प्रमाण बरेच जास्त असावे लागते. अंगाच्या साबणात ते तितके नसते.

दुसरी गोष्ट क्षाराची, म्हणजे आम्लाशी संयोग पावून साबण करणाऱ्या अल्कलीची. अंगाचा साबण कॉस्टिक सोड्यापासून, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडपासून करतात. स्टिअरिक आम्लाचा सोडियम साबण कडक होतो आणि साध्या पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे ब्रशला तो नीट उचलता येत नाही. त्याच आम्लाचा पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून, म्हणजे पोटॅशपासून केलेला साबण मऊ असतो आणि पाण्यात लवकर उतरतो. म्हणूनच दाढीच्या साबणात दोन्ही क्षार वापरण्याची पद्धत आहे : पोटॅशने फेस येतो, सोड्याने वडीला घट्टपणा येतो.

ग्लिसरीनविषयी एक खुलासा करतो, कारण त्याबाबत बराच गैरसमज दिसतो. तेलाचे साबणीकरण होताना, म्हणजे क्षाराने तेलाचा साबण होताना, ग्लिसरीन आपोआप तयार होते. स्टिअरिक आम्ल हे मात्र तेल नसून सुटे आम्ल आहे, त्यामुळे क्षाराशी संयोग झाल्यावर त्यातून साबण आणि पाणी एवढेच मिळते. साबणाचा निम्मा भाग स्टिअरिक असेल, तर तेवढ्या भागाचे ग्लिसरीन आपल्याला वरून घालावे लागते. फेसातील पाणी धरून ठेवण्यासाठी ते उपयोगी पडते, पण मुळात जो फेस टिकाऊ नाही त्याला ते टिकाऊ करू शकत नाही.

उत्तर २ : पंचवटीतील साबणवाली

सरांनी कारण सांगितले, मी कृती सांगते. पाच वर्षांपासून मी घरगुती साबण करते आणि यजमानांसाठी दाढीचा साबण याच प्रमाणाने करते.

स्टिअरिक आम्ल १०० ग्रॅम, खोबरेल तेल ८० ग्रॅम, एरंडेल २० ग्रॅम. ८५ टक्के शुद्धतेचे पोटॅशियम हायड्रॉक्साइड २९.६ ग्रॅम, ९८ टक्के शुद्धतेचे सोडियम हायड्रॉक्साइड १२.२ ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर ९० ग्रॅम आणि शेवटी ग्लिसरीन २० ग्रॅम. यात सुमारे ५ टक्के मेद क्षाराविना शिल्लक राहतो, म्हणजे चामडी सोलवटत नाही. बाटलीवरची शुद्धता वेगळी असेल तर आकडा बदलतो. पोटॅश ९० टक्के शुद्ध असेल तर २८ ग्रॅमच घ्या. वजनकाटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. चमच्याने मोजून हा साबण होत नाही, त्यावर माझ्याशी वाद घालू नका.

स्टिअरिक आम्ल मेणबत्तीच्या कच्च्या मालाच्या दुकानात पांढऱ्या पत्र्यांच्या किंवा दाण्यांच्या रूपात मिळते. घेताना त्यात पॅराफिन मिसळलेले नाही ना, हे विचारून घ्या, कारण पॅराफिनचा साबण होत नाही, ते मेणच राहते. हार्डवेअरमधील सोडा शुद्धतेचा आकडा लिहिलेला नसेल तर घेऊ नका, आणि मोरी साफ करायच्या पाकिटातला चुरा तर मुळीच नको, त्यात ॲल्युमिनियमचे कण असू शकतात.

गॉगल, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, खिडकीजवळ उभे राहून क्षार हळूहळू पाण्यात सोडायचा. पाणी क्षारावर कधीही ओतायचे नाही, ते उसळून अंगावर येते. डोळ्यात थेंब गेलाच तर नळाखाली किमान पंधरा मिनिटे डोळा धुवायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. भांडे स्टीलचेच हवे. मी पहिल्या वेळी घाईत ॲल्युमिनियमची कढई घेतली होती. क्षार पडताच ती फसफसली, वाफ डोळ्यांना झोंबली आणि तळ काळा ठिक्कर पडला. त्यातून निघणारा वायू हायड्रोजन असतो आणि शेजारी गॅस पेटलेला होता, हे मला नंतर समजले.

मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात लहान पातेले बसवा आणि तेले व स्टिअरिक एकत्र वितळवा. स्टिअरिक साधारण ७० अंशांना वितळते, म्हणून आच मध्येच बंद करू नका. क्षाराचे पाणी ओतताच मिश्रण एका क्षणात घट्ट होते, शिऱ्यात गाठी व्हाव्यात तशा गाठी होतात. बिघडले असे वाटून माझी पहिली घाणी मी फेकून दिली होती. बिघडलेले काही नसते. झाकण ठेवून तासभर शिजू द्या, पाच-दहा मिनिटांनी उलथन्याने दाबून हलवत राहा. उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखे दिसू लागले, त्यात कोरडे पांढरे कण राहिले नाहीत, की उतरवून ग्लिसरीन मिसळा आणि वाटीत दाबून भरा. ओतता येईल असे ते होत नाही, दाबूनच भरावे लागते. दुसऱ्या दिवशी वापरता येतो, पण दोन-तीन आठवडे वाळू दिला तर फेस कितीतरी सुधारतो.

उत्तर ३ : गंगापूररोडचा दाढीवाला

वरील कृतीत मुलतानी माती घातल्यास वस्तरा छान घसरतो, असे मी ऐकले आहे. तसेच साबणात क्षार जास्त झाला का, हे हळदीने ओळखता येते. हळद लाल झाली तर साबण घातक समजावा.

उत्तर ४ : निवृत्त रसायन-शिक्षक, सिडको

हळदीची परीक्षा येथे उपयोगाची नाही. चांगला साबणही मुळातच अल्कधर्मी असतो, त्यामुळे हळद त्यानेही लाल होते. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. मोकळा क्षार ओळखायचा असेल, तर साबणाचा तुकडा पाण्याऐवजी कोमट अल्कोहोलात विरघळवून त्यात फेनॉल्फ्थॅलिन या क्षारात गुलाबी होणाऱ्या दर्शक द्रवाचा थेंब टाकावा. गडद गुलाबी रंग आला तर क्षार शिल्लक आहे. जिभेचे टोक लावून पाहण्याची पद्धतही काही जण सांगतात, पण शिक्षक म्हणून मी ती कोणाला सुचवणार नाही. मुलतानी मातीने घसरण थोडी वाढते हे खरे, परंतु चमचाभरापेक्षा जास्त घातल्यास फेस बसतो आणि ब्रशच्या बुडाशी गाळ साचतो.

पाण्याचा संबंध निश्चितच आहे. कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात आणि तेवढा साबण फुकट जातो. दाढीपुरते पाणी लागते ते वाटीभर, तेव्हा बोअरवेलऐवजी महापालिकेचे गंगापूर धरणाचे पाणी भरून ठेवले तरी फरक दिसेल. आणखी एक : तुरटी दाढीनंतर, चेहरा धुऊन झाल्यावरच लावावी. तुरटीचे पाणी ब्रशला लागले, तर ॲल्युमिनियमचा साबण तयार होऊन फेस फुटतो.

नाशिकरोडकर

सर्वांचे आभार. ताईंच्या प्रमाणाने गेल्या महिन्यात अर्धी घाणी करून पाहिली. गाठी पाहून माझाही धीर सुटला होता, पण उत्तर पुन्हा वाचून हलवत राहिलो. त्या दिवसांत थंडी एवढी होती की खोबरेलाची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून पातळ करावी लागली. वडी अठरा दिवस खिडकीत वाळवली आणि काल पहिल्यांदा वापरली. बोअरवेलच्या पाण्याने फेस बेताचाच आला, पण पिण्याच्या पाण्याने तोच ब्रश भिजवला तर फेस वाटीच्या काठावर आला आणि दुसरा हात फिरवेपर्यंत गालावर ओला राहिला. वडीला मध्यभागी एक चीर गेली आहे. दाबून भरताना हवा राहिली असावी, की ती लवकर वाळली? पुढची घाणी याच रविवारी करणार आहे, तेव्हा त्याआधी कोणी सांगितले तर बरे होईल.

पंचवटीतील साबणवाली

हवाच राहिली आहे. मिश्रण गरम असतानाच थोडे थोडे भरून प्रत्येक थर चमच्याच्या पाठीने दाबा आणि शेवटी वाटी ओट्यावर चार वेळा आपटा. वाळवताना खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, फडताळात ठेवा. चीर गेलेली वडी वापरून संपवा, फेसाला त्याने काही होत नाही.