बर्लिन फिलहार्मोनिकची 1950 सालची टपाल तिकिटे : प्रदर्शनाच्या मांडणीसाठी मदत हवी आहे

नमस्कार,

सिंफनी वाद्यवृंदांवरील एका फ्रेमचा, म्हणजे 16 पानांचा, संग्रह मी जिल्हा प्रदर्शनासाठी तयार करीत आहे. त्याचा गाभा बर्लिन फिलहार्मोनिक हा आहे आणि तिथेच माझे काम अडले आहे.

पश्चिम बर्लिनच्या टपाल खात्याने 29 ऑक्टोबर 1950 रोजी दोन तिकिटे काढली. 10 अधिक 5 फेनिगच्या तिकिटावर हार्प आणि लॉरेलची डहाळी आहे, तर 30 अधिक 5 फेनिगच्या तिकिटावर यान व्हॅन आइक यांच्या गेंट येथील वेदीचित्रातले गाणारे देवदूत आहेत. वरचे 5 फेनिग टपालखर्चात धरले जात नसत. ते फिलहार्मोनिकच्या सभागृहाच्या पुनर्उभारणीसाठी होते. मूळचे स्केटिंगचे सभागृह असलेली बेर्नबुर्गर रस्त्यावरची जुनी वास्तू 30 जानेवारी 1944 च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली होती. युद्ध संपून तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा 26 मे 1945 रोजी वाद्यवृंद-संचालक लिओ बोर्खार्ड यांनी टिटानिया-पालास्ट या चित्रपटगृहात वादकांना एकत्र आणून मैफल केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका अमेरिकी पहारेकऱ्याच्या गोळीने त्यांचा अंत झाला. नवे सभागृह हान्स शारून यांच्या आराखड्यानुसार उभे राहून 1963 च्या ऑक्टोबरमध्ये खुले झाले. म्हणजे ही तिकिटे ज्यांनी विकत घेतली, त्यांनी बेघर वाद्यवृंदासाठी पदरचे पैसे मोजले, तेही त्यांची स्वतःची घरे अजून पडकी असताना.

शतकमहोत्सवाचे अधिकृत स्मारक तिकीट मात्र 1982 चे आहे, 60 फेनिगचे. नियमानुसार प्रकरणाची सुरुवात त्याने करावी, असे एका ज्येष्ठ संग्राहकांनी मला सुचविले आहे. माझे मन ते मान्य करीत नाही. संस्थेचा इतिहास 1950 च्या जोडीत अधिक सामावलेला आहे असे मला ठामपणे वाटते, म्हणून तीच आधी लावून शताब्दीचे तिकीट शेवटी ठेवावे असा विचार आहे. परीक्षकांना हा क्रम खटकेल का?

दुसरी अडचण 1882 च्या स्थापनेची आहे. वाद्यवृंद-संचालक बेन्यामिन बिल्झे यांनी आपल्या वादकांसाठी वॉर्सोच्या दौऱ्यासाठी चौथ्या वर्गाच्या रेल्वे डब्याची तिकिटे काढायचे ठरविल्यावर 54 वादक त्यांना सोडून गेले आणि त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला. हा प्रसंग गाळणे मला पटत नाही. पण टपालसाहित्यावाचून लांब मजकूर लिहिला तर गुण कमी होतात असे ऐकतो. चार ओळींत तो बसवावा की योजना-पानावरच, म्हणजे संग्रहाची आखणी सांगणाऱ्या पानावरच, उल्लेख करावा?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. माझ्याकडे 1951 सालचे, पश्चिम बर्लिनहून मुंबईला आलेले एक पाकीट आहे, ज्यावर केवळ 30 अधिक 5 फेनिगचे तिकीट आहे. त्या काळी परदेशी साध्या पत्राचा दर 30 फेनिग होता, त्यामुळे भरणा बरोबर जुळतो. हवाई टपालाची चिठ्ठी नाही आणि मागच्या बाजूस मुंबईचा पोहोच-शिक्काही नाही. समुद्रमार्गे येणाऱ्या साध्या पत्रांवर तो नसणे सामान्य मानावे का? पश्चिम बर्लिनच्या सुरुवातीच्या तिकिटांवर, विशेषतः वरून ‘BERLIN’ ही अक्षरे छापलेल्या 1948-49 च्या तिकिटांवर, बनावट शिक्के बरेच आढळतात. त्यामुळे जर्मनीतील मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून प्रमाणपत्र घेण्याचा खर्च या पाकिटासाठी करावा, की आपल्याकडच्या जाणकाराचे मत जिल्हा पातळीवर पुरेसे ठरते?

झुबिन मेहता यांनी 1961 साली, म्हणजे हे नवे सभागृह खुले होण्याआधीच, या वाद्यवृंदाचे संचालन केले होते. ते मुंबईचेच असल्यामुळे त्यांचा उल्लेख या पाकिटाच्या पानावर करणे मला उचित वाटते.

शेवटी एक व्यावहारिक बाब. 10 अधिक 5 फेनिगचे माझे कोरे तिकीट कोकणातील दमट हवेत राहिल्यामुळे गोंदावर तपकिरी डाग पडले आहेत. गोंद धुऊन काढण्याचा सल्ला काहींनी दिला, पण तसे केल्यास तिकिटाचे मूल्य आणि मूळपण दोन्ही जाईल अशी मला भीती वाटते. ज्यांनी अशा तिकिटांवर प्रत्यक्ष उपाय केला आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव लिहावा, तसेच ते डागांसह तसेच मांडावे की त्याऐवजी शिक्का बसलेली प्रत शोधावी, हेही सांगावे.