यूट्यूब बंद न करता त्यातलं भरकटणं थांबवायचंय, कोणतं एक्स्टेन्शन चालेल?

सदाशिवपेठ_अभ्यासिका: मी पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करतेय. लॅपटॉपवर भूगोलाचं लेक्चर लावते आणि ते संपायच्या आत उजवीकडच्या यादीतलं काहीतरी उघडलेलं असतं, बघता बघता दीड तास जातो. लेक्चर्स तिथेच आहेत त्यामुळे यूट्यूब पूर्ण बंद करता येत नाही. एक ब्लॉकर टाकला होता पण तो एका क्लिकवर बंद व्हायचा, दोन दिवसांत तो बंद करायचीच सवय लागली. खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी सगळं घरून येतं, त्यामुळे मनाला फार लागतं. क्रोम वापरते. त्याला जोडता येणारं, रोजच्या वापरातलं एखादं एक्स्टेन्शन असेल तर सांगा प्लीज.

कोकणकडा: अनहूक टाका. त्यात उजवीकडची यादी, होमपेजवरचे व्हिडिओ, शॉर्ट्स, कॉमेंट्स असं एकेक टिक करून लपवता येतं, ऑटोप्लेसुद्धा. माझ्याकडे आता यूट्यूब उघडलं की पांढरं पान आणि वर सर्चचा डबा एवढंच दिसतं. काय बघायला आलो ते टाइप केल्याशिवाय पुढे काही होतच नाही, आणि निम्म्या वेळा टाइप करायला डोक्यात काही नसतं, मग टॅब बंद करतो.

रात्रपाळी: अनहूक चांगलंच आहे, त्याच्या जोडीला लीचब्लॉक एनजी ठेव. तुझा ब्लॉकर टिकला नाही कारण तो एकदम दार लावत होता, मग माणूस चिडून कडी काढतो. लीचब्लॉकमध्ये साइट उशिरा उघडेल असं ठेवता येतं. मी इन्स्टाला ३० सेकंद ठेवलेत, स्क्रीनवर आकडे उलटे मोजले जातात आणि तेवढ्यात कळतं की हात आपोआप तिकडे गेला होता. तासाला १० मिनिटं अशी मर्यादाही घालता येते. सेटिंग बदलायला लांबलचक रँडम कोड टाइप करायला लागेल असं करून ठेव, ते महत्त्वाचं. आणि हो, इन्कॉग्निटोमध्ये (क्रोमच्या खासगी विंडोत) एक्स्टेन्शन आपोआप चालत नाही, परवानगी वेगळी द्यावी लागते, नाहीतर ती पळवाट राहतेच.

जुनाजाणता: ताई, टाका पण परवानग्या बघून टाका. 'सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' म्हणजे तुमच्या बँकेचं पानसुद्धा त्यात आलं. द ग्रेट सस्पेंडर आठवतंय का कुणाला, न वापरलेले टॅब झोपवणारं? लाखो लोक वापरायचे, मीही वापरायचो. २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या हातात गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) आहे म्हणून बंद केलं. तेव्हापासून मी दर दोन-तीन महिन्यांनी एक्स्टेन्शनची यादी उघडून नको ते काढून टाकतो. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या डिटेल्समध्ये जाऊन ते कोणत्या साइटवर चालेल हे ठरवता येतं, अनहूकला फक्त यूट्यूब पुरे.

सदाशिवपेठ_अभ्यासिका: खूप खूप आभार सगळ्यांचे 🙏 दोन्ही टाकलीत, कोडसुद्धा लावला. आज मान्सूनचं लेक्चर सलग बघून झालं, नोट्सही काढल्या. मोबाईलवर पण हे चालतं का?

रात्रपाळी: अँड्रॉइडच्या क्रोमवर एक्स्टेन्शन चालत नाहीत, फायरफॉक्सवर चालतात. पण यूट्यूबच्या ॲपला ब्राउझरचं एक्स्टेन्शन हात लावू शकत नाही, त्यामुळे ॲप डिसेबल कर आणि फोनवरही फायरफॉक्समध्येच बघ.